सुट्टी संपते तेव्हा

नागपुरात फौजी वस्ती कुठे, असे विचारले तर लोक वायुसेनानगर किंवा कामठीचे नाव घेतील. मनीषनगरचे नाव कोणी घेणार नाही. वर्धा मार्गावरून रेल्वेरूळ ओलांडला की बेसा-बेलतरोडीच्या दिशेने पसरत गेलेली ही वस्ती. सदनिका, शिकवणी वर्ग, किराणा दुकाने, संध्याकाळची वाहनांची कोंडी. इथे पहारा नाही, लोखंडी फाटक नाही. पण वर्धा मार्गाच्या पलीकडे सोनेगावला हवाई दलाचा तळ आहे. शहराच्या पश्चिमेला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, हिंगणा मार्गावर केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ग्रुप सेंटर आहे. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. एवढा पसारा असलेल्या शहरात गणवेशातला माणूस फक्त छावणीत राहत नाही. स्वतः सीमेवर असताना मुलांच्या शाळेसाठी कुटुंबाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवणारा जवान, निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्यांचे घर घेणारा हवालदार, अशी माणसे याच प्रकारच्या वस्त्यांत राहतात.

छावणीत आणि वस्तीत एक मोठा फरक आहे. छावणीत जवान दोन दिवस गप्प राहिला तर कोणाच्या तरी लक्षात येते. सोबतचा ‘बडी’ असतो, सुभेदार असतो, एमआय रूममध्ये डॉक्टर असतो. वस्तीत तो फक्त ‘तिसऱ्या मजल्यावरचे फौजी भाऊ’ असतो. आणि सैनिकांच्या आत्महत्यांविषयी जी माहिती हाती आहे, तिचा मोठा भाग या दुसऱ्या जागेकडे, म्हणजे घराकडे बोट दाखवतो.

आकडे काय सांगतात

संरक्षण राज्यमंत्र्यांनी जुलै २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांत लष्कराचे ६४२, हवाई दलाचे १४८ आणि नौदलाचे २९ जण होते. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांसारख्या गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील दलांची आकडेवारी वेगळी ठेवली जाते. तिथे २०२० ते २०२४ या काळात ७३० जणांचा मृत्यू झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले.

या आकड्यांकडे पाहताना दोन टोके टाळायला हवीत. ‘फौजेत सगळेच तणावाखाली आहेत’ हे एक टोक. लष्कराचे मनुष्यबळ साधारण १२ लाख धरले तर ६४२ मृत्यू म्हणजे दर वर्षी एक लाखामागे दहा-अकरा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशभरात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, म्हणजे लाखामागे १२.४. त्यांत २२,७४६ मृत्यूंसह महाराष्ट्र सर्वांत वर होता. म्हणजे सैनिकांचे प्रमाण सर्वसाधारण समाजापेक्षा जास्त दिसत नाही. पण ‘मग काळजीचे कारण नाही’ हे दुसरे टोकही चुकीचे आहे. भरतीच्या वेळी शरीराने आणि मनाने निरोगी तरुण निवडून घेतले जातात. त्यांना नियमित पगार असतो, उपचार मोफत असतात, सोबतीला माणसे असतात. अशा निवडक गटात हे प्रमाण बरेच कमी असायला हवे होते.

या सगळ्यात एक आकडा वेगळा उठून दिसतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी गृह मंत्रालयाने कृती दल नेमले. त्यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू जवान सुट्टीवरून परतल्यानंतरचे असल्याचे या दलाला आढळले. लष्कराच्या बाबतीतही सरकारने वेळोवेळी जी कारणे सांगितली, त्यांत कौटुंबिक कलह, वैवाहिक तणाव आणि आर्थिक अडचणी पुढे आहेत. गोळीबार, हिमवादळ किंवा नक्षलग्रस्त जंगल हे धोके जवानाला माहीत असतात आणि त्यांचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. ज्यासाठी त्याला कोणी तयार केलेले नसते, ते त्याच्या घरात वाट पाहत असते.

सुट्टीत काय घडते

सिव्हिलमधल्या माणसाला सुट्टी म्हणजे विश्रांती वाटते. जवानासाठी ती वर्षभर तुंबलेल्या कामांची यादी असते. शेताच्या बांधावरून भावाशी सुरू असलेला वाद, तलाठी कार्यालयातला फेरफार, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, मुलाचा शाळाप्रवेश, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, बिल्डरने अडकवलेला फ्लॅटचा ताबा. हे सगळे काही आठवड्यांत उरकायचे असते. त्यातले अर्धे उरकत नाही. सरकारी कामाची पुढची तारीख पडते आणि तोवर परतीच्या गाडीची वेळ होते.

घराचीही दुसरी बाजू असते. नवरा वर्षभर नसताना पत्नीने घर एकटीने चालवलेले असते. बँक, गॅस, मुलांचे ताप, सासरची माणसे हे सगळे तिने तिच्या पद्धतीने बसवलेले असते. तो येतो तेव्हा त्या घडीत त्याची जागा नेमकी कुठे, हे दोघांनाही कळत नाही. लहान मूल पहिले काही दिवस त्याच्याजवळ जात नाही. मोठा मुलगा त्याच्या शिस्तीला वैतागतो. जुळवून घ्यायला जेमतेम सुरुवात होते आणि बॅग भरायची वेळ येते. परतल्यावर ड्युटी तीच, पण डोके घरात अडकलेले. पूर्वी घरची बातमी पत्रातून यायची आणि ती पोहोचेपर्यंत निम्मी भांडणे मिटलेली असायची. आता मोबाइलमुळे रात्री अकराचे भांडण रात्री अकरालाच चौकीवर पोहोचते. ते मिटवायला मात्र जवान हजार किलोमीटर दूर असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेला एक सिद्धांत इथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते दोन भावना एकत्र आल्या की माणसाच्या मनात मरणाची इच्छा तयार होते. ‘मी कोणाचाच नाही’ ही पहिली, आणि ‘मी सगळ्यांवर ओझे आहे, माझ्यावाचून त्यांचे बरे चालेल’ ही दुसरी. पण इच्छा आणि कृती यांच्यामध्ये भीतीची एक भिंत असते. वेदनेची आणि मरणाची भीती बहुतेकांना मागे खेचते. सैनिकाच्या प्रशिक्षणाचा एक भाग ही भीती बोथट करण्याचाच असतो. धोक्यासमोर उभे राहण्यासाठी ते आवश्यकच आहे. परंतु ज्या दिवशी पहिल्या दोन भावना एकत्र येतात, त्या दिवशी हीच सवय त्याच्या विरोधात जाते. त्यामुळे सैनिकाच्या बाबतीत ‘तो तर एवढा धीट आहे’ हे निश्चिंत राहण्याचे कारण होऊ शकत नाही.

बोलत का नाहीत?

लष्करात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ठरते. ‘शेप’ या पाच अक्षरी पद्धतीतले पहिलेच अक्षर मानसिक आरोग्याचे आहे. बाकीची चार ऐकणे, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांची. श्रेणी खाली आली की नेमणूक, अभ्यासक्रम, बढती यांवर परिणाम होऊ शकतो, हे प्रत्येक जवानाला माहीत असते. त्यामुळे गुडघा दुखतो हे सांगणे सोपे आणि झोप येत नाही हे सांगणे अवघड होते. शिवाय ‘डोक्याचा डॉक्टर’ हा शब्द बराकीत जितका टोचतो, तितकाच गावातही टोचतो. मुलीचे लग्न जमवताना अडचण येईल, या धास्तीने कुटुंबेही गप्प राहतात.

हा प्रश्न फक्त फौजेचा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले होते. कायद्याची भीतीही बरीच वर्षे होती. मात्र मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आहे आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तरीही ‘पोलीस केस होईल’ म्हणून रुग्णाला दवाखान्यात नेण्यास उशीर करणारी घरे आजही आहेत. तो उशीर जिवावर बेतू शकतो.

फौज काय करते, आणि काय उपयोगी पडते

सैन्यदलांनी या बाबतीत काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. बडी पद्धत, सैनिक संमेलन, समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतलेले धर्मगुरू आणि अधिकारी, मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयातील लष्करी मनोविकार उपचार केंद्र अशा सोयी आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्य सल्ला देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा खास सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठीचा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू करण्यात आला. फौजेची रीतभात समजणारा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला असणे, याला महत्त्व आहे. ‘फिल्ड’, ‘पीस’, ‘कॅटेगरी’, ‘मूव्ह’ हे शब्द समजावून सांगण्यातच बोलणाऱ्याची उमेद संपू नये.

अशा प्रयत्नांनी खरोखर फरक पडतो का? अमेरिकी हवाई दलाचा अनुभव याचे उत्तर देतो. तिथे १९९० च्या दशकात आत्महत्या वाढू लागल्या, तेव्हा १९९६ पासून एक कार्यक्रम हाती घेण्यात आला. हे काम एकट्या मनोविकारतज्ज्ञांवर सोडले नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ‘मदत मागणे हे कर्तव्याचा भाग आहे’ असे जाहीरपणे आणि पुन्हा पुन्हा सांगितले. प्रत्येक पातळीवर प्रशिक्षण झाले. चौकशी किंवा कायदेशीर कारवाईला सामोरे जाणाऱ्यांकडे विशेष लक्ष दिले गेले. २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार आत्महत्येचा धोका ३३ टक्क्यांनी घटला. कौटुंबिक हिंसाचारही कमी झाला.

म्हणजे आत्महत्या रोखता येतात. मात्र हे सगळे उपाय फाटकाच्या आतले आहेत. सुट्टीचे दिवस आणि निवृत्तीनंतरची वर्षे फाटकाबाहेर जातात. तिथे काम करायचे ते घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी.

घरच्यांनी काय पाहावे, काय विचारावे

धोक्याच्या खुणा बहुतेकदा साध्या असतात. झोप उडणे, चिडचिड, एकटे बसणे, मुलांशी बोलणे कमी होणे, कॅन्टीनच्या दारूचे प्रमाण वाढणे. ‘माझ्यामागे तुमचे सगळे नीट होईल’, ‘आता थकलो’ अशी वाक्ये. विमा, बँक खाते, नॉमिनेशनचे कागद अचानक नीट लावून ठेवणे, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकणे. अनेक दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी अगदी शांत दिसू लागला, तर तेही गांभीर्याने घ्यावे. एकेकटी खूण फार काही सांगत नाही. पण अलीकडेच काही गमावले असेल, भांडण झाले असेल किंवा सुट्टी संपत आली असेल आणि त्यातच दोन-तीन खुणा दिसल्या, तर थांबून विचारावे.

विचारायचे ते सरळ. ‘तुम्ही बरेच दिवस गप्प आहात. जीव द्यावासा वाटतो का?’ हा प्रश्न तोंडातून निघायला जड जातो, कारण विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल, अशी समजूत आहे. ती खरी नाही. २०१४ मध्ये या विषयावरच्या १३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. विचारल्यामुळे असे विचार वाढल्याचे त्यात आढळले नाही, उलट काही ठिकाणी बोलल्याने हलके वाटल्याचे दिसले. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये. ‘मुलांचा विचार कर’, ‘फौजी असून असे बोलतोस?’ ही वाक्ये ऐकणाऱ्याच्या अपराधभावात भर घालतात. ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये आणि पुढचा फोन सोबत बसून लावावा.

आपल्याकडे अशा वेळी आणखी एक गोष्ट हमखास केली जाते. शपथ घातली जाते. ‘माझी शपथ आहे, असे काही करणार नाहीस.’ हेतू प्रेमाचा असतो, पण अशा वचनावर विसंबून राहता येत नाही. अमेरिकेतील फोर्ट कार्सन या लष्करी तळावर ९७ सैनिकांवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनात आत्महत्येचे विचार असलेल्या काही सैनिकांकडून ‘जिवाचे बरेवाईट करणार नाही’ असे वचन घेण्यात आले. बाकीच्यांना समुपदेशकासोबत बसून एका छोट्या कार्डावर स्वतःच्या हाताने योजना लिहायला सांगितले. सहा महिन्यांत वचन देणाऱ्यांच्या तुलनेत योजना लिहिणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी झाले.

त्या कार्डावर फार अवघड काही नसते. माझी अवस्था बिघडू लागल्याचे मला कशावरून कळते? अशा वेळी मी एकटा काय करू शकतो: चालून येणे, अंघोळ, भजन, व्यायाम? कोणाशी बोलल्यावर बरे वाटते, त्यांची नावे आणि फोन क्रमांक. कोणत्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा? आणि मला जगायला लावणाऱ्या गोष्टी कोणत्या? फौजेतल्या माणसाला हे समजते, कारण प्रत्येक मोहिमेपूर्वी तो असाच आराखडा पाहत आला आहे. ‘धीर धर’ असे सांगण्यापेक्षा ‘वेळ आली तर आधी हे, मग ते’ असे ठरवून देणे त्याला अधिक उपयोगी पडते. कार्ड पाकिटात राहते आणि डोके चालेनासे होते त्या क्षणी वाचता येते.

दुसरी गोष्ट आहे अंतराची. आत्महत्येचा तीव्र आवेग अनेकदा थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात घातक साधन हाताशी नसेल तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक साधा नियम केला. तरुण सैनिकांनी आठवडी सुट्टीला घरी जाताना शस्त्र तळावरच ठेवायचे. त्यानंतर त्यांच्यातील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती, आणि आठवड्याच्या इतर दिवसांत प्रमाण वाढले नाही. टळलेली वेळ म्हणजे बहुधा टळलेला मृत्यू, हे त्यातून दिसले. निवृत्तीनंतर बँकेत किंवा खासगी संस्थेत सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्या काही माजी सैनिकांकडे परवान्याचे शस्त्र असते. घरातील वातावरण बिघडले असेल तर ते काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. औषधांचा मोठा साठा आणि शेतीची विषारी औषधेही अशा काळात दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत. दारू आवेगाला बळ देते, म्हणून तीही घरात नको.

पेन्शन सुरू होते आणि ओळख संपते

सुट्टीनंतरचे दिवस जसे नाजूक, तसाच निवृत्तीनंतरचा काळही. शिपाई किंवा नाईक हुद्द्यावरचा जवान चाळिशीच्या आसपास, कधी त्याआधीच घरी येतो. काल त्याच्या हाताखाली माणसे होती, आज सोसायटीच्या सभेत त्याला कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये १९९६ ते २००५ या काळात सैन्य सोडलेल्या २,३३,८०३ जणांचा अभ्यास झाला. एकूणात त्यांचा धोका इतरांपेक्षा जास्त नव्हता. पण २४ वर्षांखालील तरुणांमध्ये तो त्याच वयाच्या इतर तरुणांच्या दोन ते तीन पट होता आणि बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक होता. तिथली परिस्थिती वेगळी, भरतीची पद्धत वेगळी. तरीही आपल्याकडे २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बहुसंख्य अग्निवीर ऐन विशीत गणवेश उतरवणार आहेत. त्यांच्यासाठी नोकरीचे आरक्षण जसे महत्त्वाचे, तसेच पहिल्या दोन वर्षांत त्यांची विचारपूस करणारे कोणी असणेही महत्त्वाचे.

विचारपूस हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते. युरोपात असताना त्यांना एका ओळखीच्या तरुणीची पत्रे येत आणि त्या पत्रांनी आपल्याला किती आधार दिला, हे ते विसरले नाहीत. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी एक प्रयोग केला. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत एकूण २४ छोटी पत्रे पाठवली. पत्रांत सल्ला नव्हता, तपासणीला या असा आग्रह नव्हता. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, काही कळवावेसे वाटले तर आम्हाला आवडेल, एवढाच मजकूर. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले. जॉइनर यांनी सांगितलेल्या ‘मी कोणाचाच नाही’ या भावनेवर असे दोन ओळींचे पत्र थेट काम करते.

आज पत्राची जागा फोनने आणि व्हॉट्सअॅपने घेतली आहे. जुन्या पलटणीचे गट अनेकांच्या फोनमध्ये असतात. तिथे सकाळच्या शुभेच्छा शंभर येतात. पण एखादा सोबती महिनाभर काहीच लिहीत नसेल, तर त्याला वेगळा फोन करणे हे त्या गटाचे खरे काम ठरेल.

जमिनीचा वादही उपचाराचाच भाग

मानसिक आरोग्य म्हटले की गोळ्या आणि समुपदेशन आठवते. पण ज्या जवानाची झोप बांधाच्या वादाने उडाली आहे, त्याच्यासाठी तो वाद मार्गी लागणे हाही इलाज आहे. प्रत्येक जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालय यासाठीच असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक ड्युटीवर असताना त्याच्या कुटुंबाच्या जमीन, मालमत्ता, घरगुती वादांत मोफत कायदेशीर मदत मिळावी, हा तिचा हेतू. तहसील कार्यालयातल्या कारकुनाने किंवा सोसायटीच्या सचिवाने जवानाचे काम त्याच्या सुट्टीच्या आत संपवले, तर त्यानेही कोणाचा तरी जीव सांभाळलेला असू शकतो.

एखाद्या घरात अशी घटना घडून गेली असेल, तर त्या घराला शेजाऱ्यांची गरज सर्वाधिक असते. आत्महत्येने माणूस गमावलेल्या कुटुंबीयांमध्ये नैराश्याचा आणि तशाच विचारांचा धोका वाढतो. ‘भ्याड निघाला’, ‘बायकोमुळे झाले’ असे शब्द तो आणखी वाढवतात. कारण कधीच एक नसते. वहिनींना डबा नेऊन देणे, मुलाला शाळेत सोडणे, गेलेल्या माणसाचे नाव न टाळता त्याच्याविषयी बोलणे, यातून ते घर एकटे पडत नाही.

मदत दूर नाही. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ असा आहे. तो चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे, आणि मराठीतून बोलता येते. मनीषनगरपासून वर्धा मार्गाने पुढे गेले की मिहानमध्ये एम्स आहे. शहरात मेडिकल, मेयो आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. माजी सैनिकांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना २००३ पासून सुरू असलेल्या ईसीएचएस योजनेच्या दवाखान्यातून मनोविकारतज्ज्ञांकडे जाता येते. जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८ वर फोन करावा आणि मदत येईपर्यंत त्या माणसाजवळून हलू नये.

या सगळ्याहून सोपी एक गोष्ट प्रत्येकाला करता येण्यासारखी आहे. घरातला, नात्यातला किंवा शेजारचा जवान सुट्टीवर आला की त्याच्या परतीच्या तिकिटाची तारीख विचारून ठेवावी. त्या दिवशी एक फोन करावा. आठवड्याने दुसरा, पंधरा दिवसांनी तिसरा. काही विशेष बोलायला हवे असे नाही. ‘पोहोचलास का? जेवलास का? त्या कामाचे मी इकडे बघतो,’ एवढे पुरते.